बाबूजी काही गाडीत बसेनात

तीन माणसांनी वर्षानुवर्षं रोज एकत्र प्रवास केला, की किस्से आपोआप साठतात. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. आम्ही खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलर मेंटेनन्सला होतो. नागपूरहून रोजचं जाणं-येणं. आता सगळे रिटायर झालो. भेटलो की बॉयलरचं नाव कोणी काढत नाही. गोष्ट निघते ती प्रभाकर नंदनवारच्या सेकंडहँड जर्मन गाडीची!

*

गाडी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची. काळी, उंच, म्हशीसारखी रुंद. इंजिन असं, की पाय नुसता टेकवला तरी मान मागे जायची! नवी घ्यायची तर आमच्यासारख्याला दोन जन्म नोकरी करावी लागली असती. आठ वर्षं वापरलेली म्हणून प्रभाकरला ती एका नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळाली.

डॉक्टर म्हणाले, "फारशी चाललेलीच नाही हो!"

आमचे फोरमन चौधरी साहेब प्रभाकरच्या कानाला लागले. "चालली नाही का चालत नाही, थे विचार ना गा!"

प्रभाकरनं विचारलं नाही. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. त्याचे वडील, बाबूजी, मूळचे उमरेडचे विणकर. तरुणपणी धोतरजोड्यांचं गाठोडं सायकलला बांधून नागपूरच्या बाजारात यायचे आणि लहानग्या प्रभाकरला पुढच्या दांडीवर बसवायचे. त्या बाबूजींना एकदा आपल्या गाडीत, समोरच्या सीटवर बसवून उमरेडला न्यायचं! बस, एवढीच इच्छा. त्यासाठी गड्यानं प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले होते.

*

गाडी घेतली आणि मग कळलं, की ती नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत शिरतच नाही! शेवटी ती डॉक्टरांच्याच आवारात ठेवायची ठरली. डॉक्टर भला माणूस. त्यामुळे प्रभाकर रोज सकाळी स्कूटरनं रामदासपेठेला जायचा आणि तिथून गाडी काढायचा. म्हणजे गाडीपर्यंत जायला दुसरी गाडी!

पहिल्या दिवशी त्यानं ती गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. बाबूजी आले. सगळीकडून फिरून पाहिली. दोन बोटांनी सीट चाचपली, जसं कापड चाचपावं.

"मऊ हाये," म्हणाले. "पोहोचवते काय?"

"काहून नाही पोहोचवणार? रविवारी उमरेडले जाऊ, बाबूजी!"

"तू ये गाडीनं. मी बसनं येतो. मंग पाहू कोण आधी पोहोचते!"

*

तरी रविवारी प्रभाकरनं त्यांना कसंबसं तयार केलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि तो बाबूजींना आणायला घरी गेला. प्रभाकरच्या बायकोनं, सुनीतावहिनींनी चहा दिला. चहा घेऊन दोघं बाहेर येतात तो काय, गाडी खाली बसलेली! तिचं सस्पेन्शन हवेवर चालायचं आणि हवा गेली होती. पोट जवळजवळ जमिनीला टेकलं होतं.

बाबूजींनी टोपी सारखी केली. "थकली बिचारी. झोपू दे तिले." आणि सरळ बसस्टँडकडे चालू लागले. संध्याकाळी ते उमरेडहून परत आले तेव्हा प्रभाकर अजून टो व्हॅनची वाट पाहत होता!

*

आमची एक सवय होती. बॉयलरवर अलार्म वाजला, की आधी अलार्मवरच संशय घ्यायचा. सेन्सर तपासायचा, वायर तपासायची. म्हणून कोराडी रोडवर गाडीच्या डॅशबोर्डवर लाल बत्ती लागली, तेव्हा चौधरी साहेबांनी मागच्या सीटवरून निकाल दिला, "इन्स्ट्रुमेंट फॉल्ट! चाल तू."

तीन किलोमीटरवर बॉनेटमधून वाफ निघाली. एकूण सदुसष्ट वर्षं नोकरी झालेली आम्ही तीन माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून वाफेकडे पाहत होतो. वाफेतलं आमच्याएवढं कळणारं माणूस त्या रस्त्यावर दुसरं नसेल!

सदर भागातले इक्बालभाई मेकॅनिक आले. झाकण उघडून म्हणाले, "साब, आपके यहाँ की बत्ती झूठ बोलती होगी. ये वाली सच बोलती है!"

*

तेव्हापासून चौधरी साहेब कडक झाले. पुढच्या वेळी बत्ती लागली, तेव्हा गाडी पॉवर हाऊसच्या पार्किंगमध्ये होती. त्यांनी ऑफिसातून लाल टॅग आणला आणि स्टिअरिंगला बांधला. "काम चालू आहे, सुरू करू नये." खाली सही. आमच्याकडे नियम असा, की ज्याची सही त्यानंच टॅग काढायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, साहेबांच्या साहेबानंही नाही.

इक्बालभाईंनी दुपारीच येऊन गाडी दुरुस्त केली. पण चौधरी साहेब तोवर भाच्याच्या लग्नाला गोंदियाला निघून गेलेले! प्रभाकर चार दिवस एसटीनं आला. गाडी समोर, किल्ली खिशात.

"अरे, तुझीच गाडी ना बाप्पा ते!" मी म्हटलं.

"हो. पण सही माही नाही ना!"

*

खर्चाचं काय सांगू! चारही टायर एकदम बदलावे लागले, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "याच्यात माह्या हातभर बांगड्या झाल्या असत्या." एक पार्ट परदेशातून यायला दीड महिना लागला. इक्बालभाई म्हणाले, "नंदनवारसाब, आपका पार्ट हवाई जहाज से आ रहा है, और आप बस से जा रहे हो!"

पण एक खरं सांगतो. एका थंडीतली सकाळ होती. बत्ती नाही, आवाज नाही, रस्ता मोकळा. प्रभाकरनं पाय दाबला. गाडी अशी काही उचलली, की पोटात गुदगुल्या झाल्या. आम्ही पन्नाशी उलटलेले तिघं शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे हसत होतो. चौधरी साहेब हळूच म्हणाले, "प्रभाकर, थोडी अजून." मला त्या दिवसांची फार आठवण येते. आता माझ्याकडे नवी गाडी आहे. ती कधीच बंद पडत नाही आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नाही.

*

सहा वर्षं झाली. बाबूजी एकदाही गाडीत बसले नाहीत. त्यातच गिअरबॉक्स कुरकुरू लागला. रिटायरमेंट तोंडावर आलेली. वहिनी म्हणाल्या, "आता विकून टाका हो." प्रभाकर मुकाट्यानं कबूल झाला. त्याचा उतरलेला चेहरा आम्हाला पाहवेना.

वर्ध्याचा एक गिऱ्हाईक आला. चांगला माणूस, पैसे घेऊनच आलेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी चकाचक धुऊन उभी. मी आणि चौधरी साहेब मुद्दाम गेलो होतो. सौदा ठरतच होता, तेवढ्यात बाबूजी काठी टेकत आले. वय पंच्याऐंशी. बाजारात धोतरजोडी विकताना ते स्वतः घडी मोडून तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवायचे. दोष आपण दाखवायचा, गिऱ्हाईकानं शोधला तर इज्जत जाते, असा त्यांचा धर्म.

"इकडे या भाऊ," त्यांनी त्या माणसाला हाताला धरून नेलं. "हे डावी बाजू पाहा. इथून हवा जाते. पंप एकदा बदलला, पुन्हा बदला लागन. हे बत्ती लागली तं थांबाचं. पाणी उकळते ना मंग! आन् गेर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना झटका मारते. चालवून पाहा तुमी."

आम्ही थक्क! या माणसानं सहा वर्षांत गाडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, पण प्रभाकर घरी जे कुरकुरायचा ते सगळं ऐकून ठेवलं होतं.

गिऱ्हाइकानं सगळं ऐकलं, बाबूजींना वाकून नमस्कार केला आणि पैशांची बॅग घेऊन निघून गेला.

प्रभाकर रडकुंडीला आला. "बाबूजी, आता कोण घेईन हे गाडी?"

बाबूजींनी समोरचं दार उघडलं. काठी आधी आत ठेवली, मग धोतर सावरत सावकाश सीटवर बसले.

"उमरेड किती वेळाचं हाये हिच्यानं?"

"पोहोचलो तं... एक तास."

"काढ मंग," बाबूजी म्हणाले. "मले काही घाई नाही."