सात क्लबांचा देश आणि आपला आठ टीमचा नियम

कॅनडातल्या ओटावा, मिसिसागा, ब्रॉसार्डच्या मराठी मंडळींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे: आपण फार थोडे. नाटकाला प्रेक्षक थोडे, मराठी शाळेला मुलं थोडी. गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळांचा फुटबॉल कप रद्द झाला तोही याच कारणाने. टीम आल्या चार, आणि नियम किमान आठचा. तो नियम मीच मांडला होता. करायचं तर दर्जेदार, नाहीतर नको, असं भाषण ठोकून टाळ्याही घेतल्या होत्या. ब्रॉसार्डच्या मुलींची कोच शलाका तेव्हा फोनवर म्हणाली, की पुढच्या उन्हाळ्यानंतर तिच्या पाच मुली कॉलेजसाठी पांगतील आणि त्या अजून एकही खरी मॅच खेळलेल्या नाहीत. मी तिला धीर धरायला सांगितलं.

मग मी आणि माझी बायको नीला स्वित्झर्लंडला गेलो. शेजारच्या लिश्टेनश्टाइनमध्ये त्याच आठवड्यात राष्ट्रीय फुटबॉल कपची मॅच आहे असं कळलं, आणि मी हट्टच धरला. "आल्प्स सोडून गल्लीतली मॅच बघायची?" नीलाने विचारलं. पण आली.

झुरिकहून सारगान्सपर्यंत तासाभराची ट्रेन, पुढे अर्ध्या तासाची बस. हॉटेल अलीकडे स्विस बाजूलाच घ्या, तिथे जरा परवडतं. बसने ऱ्हाईन ओलांडली आणि देश बदलला. पासपोर्ट कोणी विचारलासुद्धा नाही. ओटावाच्या टोकाच्या आमच्या कनाटाहून डाउनटाउनला जावं एवढ्या अंतरात हा देश संपतो. क्लब सात. एवढ्या क्लबांत लीग होत नाही, म्हणून सगळे स्विस लीगमध्ये खेळतात. स्वतःचा म्हणावा असा हा एकच कप.

गावाच्या टोकाला मैदान, आणि गोलपोस्टच्या मागे सरळ आभाळात घुसलेला डोंगर. मी हातातलं खाणं विसरून बघत राहिलो. त्या कड्याखाली एका बाजूला देशातली सगळ्यात मोठी, पगारी खेळाडूंची टीम होती. दुसऱ्या बाजूला गावच्या क्लबची तिसरी टीम. तिसरी! गोलकीपर पोस्टमन होता. हे मला सांगितलं त्याच्या बायकोने. ती कुंपणाजवळ चीजमध्ये घोळवलेले पिठाचे गोळे विकत होती, वर तळलेला कांदा घालून. शाकाहारी मंडळींनी जरूर खावेत.

हाफ टाइमला सहा-शून्य. कोणीही उठलं नाही. नवव्या गोलनंतर पेनल्टी मिळाली आणि पोस्टमनने उजवीकडे झेप घेऊन ती अडवली. सगळं गाव उभं राहिलं. पेनल्टी मारणाऱ्या पगारी खेळाडूनेही जाऊन त्याच्याशी हात मिळवला.

मी त्या बाईंना विचारलं, तिसऱ्या टीमला कशाला उतरवता? त्या म्हणाल्या, क्लब सातच आहेत. प्रत्येकाने एकच टीम दिली तर कप सुरू होताच संपेल. म्हणून दुसरी येते, तिसरी येते, ज्याच्याकडे बूट आहेत तो येतो.

"पण नऊ गोलनी हरायची लाज नाही वाटत?"

"लाज कसली? कप म्हटला की हरणारेही लागतात. ते नसतील तर जिंकणार कोणाशी?"

नीला हळूच म्हणाली, "तुमचा आठचा नियम सांगू का यांना?"

थोडेपणाचं रडगाणं मी दर्जाच्या नावाखाली गात होतो, हे मला त्या डोंगराखाली समजलं. मुली कमी नव्हत्या. कोत्या मनाचा मी होतो.

कनाटाला परतल्यावर बॅगा बेसमेंटमध्ये टाकल्या आणि आधी शलाकाला फोन लावला. माफी मागायला सुरुवात केली, तर तिने मध्येच तोडलं.

"काका, सॉरी राहू द्या. डेट द्या. नऊ जणी आहेत, नऊच्या नऊ घेऊन ड्राइव्ह करत येते."

डेट द्यायचा अधिकार माझ्या एकट्याच्या हातात नाही, तो आपल्या मंडळांच्या सभेचा आहे. चार टीम असतील तर चार खेळतील, आणि एखाद्या मंडळाची दुसरी टीम आली तर पाच. येत्या शनिवारी सभेला या, आणि आठचा नियम रद्द करण्याचा माझा ठराव पुढे आला की हात वर करा.