सूर्याच्या रथाचा पडदा

१९५८ साल, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीमागे लावायच्या रंगवलेल्या पडद्याचे पंचेचाळीस रुपये ठरले. हजर आम्ही चौघे: अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार म्हणून मी, आणि चित्रकार. विषय सूर्योदयाचा. रथात सूर्य, पुढे उषा, मागे पदर आवरून निघालेली रात्र, खाली हात जोडून उभा समुद्र. घोड्यांच्या रंगावरून बराच वाद झाला. रथाच्या निशाणावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ लिहायचं, यावर मात्र दुमत नव्हतं.

बैठक संपल्यावर चित्रकार माझ्यामागून जिना चढून आमच्या दारापर्यंत आले. म्हणाले, “सूर्याचा सारथी अरुण, त्याला पाय नसतात. आजवर मी त्याला रथाच्या कठड्याआड लपवत आलो. यंदा पुरता दाखवायचाय. तुमच्या भावाला समोर बसवू का?”

मला राग आला. माझा धाकटा भाऊ गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर होता. आवारात कापसाच्या गाठी अंगावर कोसळून त्याचे दोन्ही पाय गेले, त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून तो गॅलरीतसुद्धा आला नव्हता. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करी. असाच राहिला तर तो आमच्या हातून जाईल, ही धास्ती घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं.

“लोक गणपती बघायला येतात,” मी म्हटलं. “ह्याला बघून हसायला नको.”

आतून आवाज आला, “दादा, त्यांना विचारू दे की मला.”

चित्रकारांनी आत जाऊन विचारलं.

“घोडे किती?” भावाने उलट विचारलं.

“सात.”

“मी चार साचे सांभाळत होतो. म्हणजे बढतीच झाली की!”

कापड खाली मांडवात ताणलेलं. त्याला न्यायला पाट आणला, तेव्हा तो अडला. “मी काय गणपती आहे, पाटावर बसवून न्यायला?”

माझी बायको म्हणाली, “गणपतीला पोचवून येतात, भाऊजी. तुम्हाला जेवायला परत आणतील.”

तो हसला आणि पाटावर बसला.

मग रोज सकाळी तो सुतळीचा लगाम धरून मांडवात बसू लागला. सुरुवातीला मांड्यांवर टॉवेल असे. पुढे तो त्यानेच काढून ठेवला. नळावर जाणारे ओरडत, “सारथीबुवा, आम्हालाही घ्या रथात!”

“रांगेत या,” तो म्हणे.

चतुर्थीला पडदा लागला. कोणी हसलं नाही. माझा अंदाज साफ चुकला. चाळीतल्या एका म्हातारीने चित्रातल्या सूर्याला नमस्कार केला आणि मग शेजारी बसलेल्या माझ्या भावालाही.

“आजी, मी नुसता सारथी.”

“घोडे तूच धरलेस ना?” ती म्हणाली.

विसर्जनानंतर हिशेब झाला. मी पंचेचाळीस रुपये पुढे ठेवले. चित्रकारांनी त्यातले पाच वेगळे काढले. मला ती दया वाटली, आणि मी तसं म्हटलंही.

“समोर बसतो त्याची मजुरी असते,” ते म्हणाले. “हे मान अवघडेपर्यंत बसलेत.”

भावाने नोटा मोजल्या आणि विचारलं, “सही कुठे करू?”

ते चित्रकार पुढे कुठे गेले, ठाऊक नाही. सकाळी भाऊ गॅलरीत बसून पेपर वाचताना दिसतो, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानतो. त्या दिवशी चित्रकारांना चाळीस रुपये दिले, आणि पाच रुपये माझ्या भावाला.