प्रभाकरच्या सिनेमाचा शेवट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही धुळ्याचे नाही. असलात तर — गप्प बसा.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावला पिंप्राळ्यात माझ्या शेजारच्या प्रभाकरनं स्वतःच्याच संसारावर सिनेमा काढला. आर्ट फिल्म! प्रेमविवाह, भांडणं, बाळ जाणं, मग सुमनवहिनींचं साक्रीला माहेरी निघून जाणं — सगळं. नायक तोच, वहिनींचं काम दुसऱ्याच बाईनं केलेलं. पडद्यावर दहा-दहा मिनिटं बोलायचा नाही. घरी मात्र तोंड मिटेल तर शपथ!

शेवटच्या रिळात तो तिचं सामान माळ्यावर फेकतो आणि म्हणतो, "गेली ते बरंच झालं." आता सांगा, हे बघायला त्याच बायकोला कोणी बोलावतं का? यानं बोलावलं. धुळ्याला कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ, प्रोजेक्टरवर मी.

त्या दुपारी शेतात भरीत-पार्टी झालेली. पुऱ्या किती हाणल्या, विचारू नका. खानदेशी माणसानं भरितावर सिनेमा दाखवू नये! पहिलं रीळ संपलं आणि मी पेंगत — काय सांगू — दुसऱ्याऐवजी तिसरं, म्हणजे शेवटचंच, चढवलं. दुसरं गेलं सगळ्यात शेवटी. त्यात बाळ गेल्यावर दोघं गळ्यात पडून रडतात, आणि तो म्हणतो, "तू आहेस ना, बस." तिथंच सिनेमा संपला. 'समाप्त'ची पाटी नव्हतीच, आर्ट फिल्म ना!

पुढच्या रांगेतले एक नाना उठून म्हणाले, "बठ्ठं समजनं नही, पन शेवट गोड शे!" बठ्ठं म्हणजे सगळं.

प्रभाकर घाबरून बाहेर टपरीवर चहा ढोसत होता. त्यानं काहीच बघितलं नाही. वहिनी डोळे पुसत बाहेर आल्या आणि त्याच्यासोबत तशाच जळगावच्या एस.टी.त बसल्या. त्याला वाटलं, आपल्या शोकांतिकेनं दगडाला पाझर फुटला. मी? मी रिळांचे डबे पुसत राहिलो. सांगायला काय झालं होतं? भ्यालो, दुसरं काय! पुढे ती फिल्म कुणी मागितलीही नाही — देवच पावला.

काही वर्षांनी वहिनींनी मला ओट्यावर एकटं गाठलं.

"भाऊ, तेव्हा मला नाशिकला शाळेत नोकरी लागली होती. तो शेवट बघितला नि सोडली. तो त्यांनीच तसा ठेवला होता ना?"

आतून प्रभाकर चहासाठी ओरडत होता. मी वहिनींच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

"हो वहिनी, त्यानंच."

त्या हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.