व्याह्यांनी दाबलेली फुली

२०१६ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. पाऊस लागोपाठ दगा देत गेला, करमाडकडची मेंढरं विकावी लागली अन् मी चिकलठाण्याला लेकाच्या घरी येऊन पडलो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण कुणापुढं मान खाली घातली नव्हती. आजूबाजूला नव्या बिल्डिंगा उठत होत्या, पाणी मात्र टँकरनं यायचं.

त्या घरात माझं माणूस म्हणजे माझी नात. कॉलेजात जायची. तिच्यासाठी लेकानं जुना कॉम्प्युटर घेतला होता. दर रविवारी शहरातल्या छावणी भागातून माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, यायचे. हापिसातून रिटायर झालेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट. ते आले की नात कॉम्प्युटरजवळ खुर्ची ओढायची. "नाना, इथं बसा." मी दाराशी पलंगावर. मला कधी खुर्ची ओढली नाही तिनं. इस्त्रीचा तो शर्ट बघितला तरी मी जळायचो.

त्या रविवारी तिला मराठी टायपिंगचा प्रोग्राम उतरवून घ्यायचा होता. पडद्यावर मोठमोठी हिरवी बटणं. ती म्हणाली, "नाना, ही सगळी जाहिरातीची आहेत. खरं बटण बारीक असतं." तेवढ्यात टँकर आला. "मी येईपर्यंत हात लावू नका," म्हणत ती हंडा घेऊन पळाली.

पडद्यावर लाल चौकोन उगवला. व्याह्यांनी मोठ्यानं वाचलं, 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आहे, लगेच साफ करा.'

"पाव्हणं, पोरीला येऊ द्या," मी म्हणालो.

"अहो, नुसती जाहिरात बंद करतो. ही काय फुली दिसतीय. जन्म गेला आमचा हापिसात."

फुली दाबली. एकावर एक चौकोन यायला लागले, अन् थोड्या वेळानं माऊसही हलेना.

नात आली. तिनं पडदा बघितला, नानांचं तोंड बघितलं अन् म्हणाली, "लाईट कमीजास्त झाली असंल."

तेच माझ्या जिव्हारी लागलं. माझ्या हातून झालं असतं तर गल्लीभर हसत सांगितलं असतं तिनं. नानांना मात्र सांभाळून घेतलं.

सून म्हणाली, "दुरुस्त होईपर्यंत जा नानांकडं. तिथं कॉम्प्युटर हाय, नळालाही पाणी येतं."

"चल की," व्याही लगेच म्हणाले. "कॉलेज संपेपर्यंतच राहा."

तिनं कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राईव्ह काढून पर्समध्ये टाकला. मी म्हणालो, "तो तिकडं नेऊ नको. बाजारातून आणलेली मेंढी रोगाच्या भीतीनं आपण लगेच कळपात सोडत नाय."

"पाव्हणं, मेंढी हाय व्हय ती?" व्याही हसले.

मला अडवायची होती पोरगी, पेनड्राईव्हचं नुसतं निमित्त. पण ती म्हणाली, "आबांचं खरंय, यालाही लागलं असंल." पेनड्राईव्ह माझ्या हातात ठेवला अन् नानांच्या मागं स्कूटरवर बसून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर घेतला अन् जालना रोडवरच्या दुरुस्तीच्या दुकानापुढं जाऊन बसलो. शटर उघडलं. दुकानदारानं डबा चालू करून बघितला.

"बाबा, जाहिरातीतली फुली चित्रातलीच असती. ती दाबली म्हंजे जाहिरातच दाबली. ते आख्खं पान बंद करायचं असतं. कुणी दाबली?"

कालपासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"व्याह्यानं," मी म्हणालो. "छावणीच्या." अन् त्याचं स्टूल ओढून बसलो. "आजच्या आज करा. पोरगी घरी आणायचीय."