वाटाण्याएवढे दोन चुंबक

वाटाण्याएवढ्या दोन चुंबकांवरून मी आणि माझा धाकटा भाऊ जेवढे भांडलो, तेवढे उभ्या आयुष्यात दुसऱ्या कशावरून भांडलो नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सानपाड्याला राहायचो. वडील वारल्यावर तुर्भ्याच्या एमआयडीसीतला त्यांचा लेथचा गाळा मी चालवत होते. काम घेऊन आलेला माणूस आधी "शेठ कुठेत?" विचारायचा, आणि माझं तोंड सुरू झालं की गुमान माप सांगायचा. भाऊ न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. आठवडाभर कंटेनरचे कागद घेऊन धावायचं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी पळवायची, हा त्याचा संसार. नव्या मुंबईत तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि माणसं अजून यायची होती. अशाच एखाद्या सरळसोट रिकाम्या रस्त्यावर ही पोरं दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करून शर्यत लावायची. पाव मैल, बस्स. त्या पाव मैलासाठी त्यानं एक जुनी गाडी आतून पार सोलून काढली होती. मागची सीट नाही, कार्पेट नाही, नुसता पत्रा. आई म्हणायची, "याला मुलगी कोण देणार? बसायला जागा नाय गाडीत."

मला मात्र त्या गाडीचा आवाज आला तरी धडकी भरायची. भाऊ एकुलता एक, आणि तो असला.

गाडी सुटताना आपला क्लच घसरतो की चाकं जागच्या जागी फिरतात, हे त्याला कळत नव्हतं. इंजिनचे फेरे काट्यावर दिसत. पण गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट किती फिरतो, ते मोजायला काही नव्हतं. म्हणून त्यानं लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक सेन्सर आणला. शाफ्टवर समोरासमोर दोन चुंबक बसवायचे. सेन्सरपुढून चुंबक गेला की मोजणी होणार. वायर आत घ्यायला आणि सेन्सर दिसत राहावा म्हणून त्यानं आपल्या सीटच्या डावीकडे पत्र्यात चांगलं मुठीएवढं भोकही पाडलं.

"चुंबक ग्लूनं चिकटवून टाकतो," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शाफ्ट गरगर फिरणार, चुंबक बाहेर पळायला बघणार, आणि त्याला ग्लू धरून ठेवणार होय रे?"

"टेन्शन नको घेऊ ताई."

"टेन्शन तूच देतोस आणि वर मलाच सांगतोस!"

शेवटी मी त्याला गप्प बसवला आणि ॲल्युमिनियमची कॉलर करायला घेतली. दोन अर्ध्या भागांची, शाफ्टभोवती बोल्टनं आवळायची. चुंबकाचा खळगा आतल्या बाजूनं पाडायचा, म्हणजे शाफ्ट जितका जोरात फिरेल तितका चुंबक कॉलरच्याच भिंतीला दाबला जाईल. सुटायला त्याला वाटच नाही. कॉलर झाली, खळगे तेवढे राहिले.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी आमचं मशीन पुसून, हार घालून बंद ठेवतात, ते दसरा झाल्यावरच चालू. शर्यत नेमकी दसऱ्याच्या सकाळी. भाऊ गाळ्यात येऊन गयावया करू लागला, "ताई, दोन खळगे फक्त." हार घालायला आई आलेलीच होती. ती म्हणाली, "मशीनला हात लावशील तर बघ. तुझ्या बाबांनी कधी लावला नाय." मी म्हणाले, "परवा घे. उद्या चुंबकाशिवाय पळव, काय बिघडतंय?" तो "बरं" म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी दाराला तोरण बांधत होते, तर त्याचा मित्र धापा टाकत जिना चढून आला. भावानं चुंबक चिकटवले होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आदल्या दुपारी, मला न सांगता. उकडत होतं म्हणून हेल्मेटची काच वर केलेली. गाडीनं वेग घेतला आणि एक चुंबक सुटून त्या भोकातून थेट डाव्या डोळ्यात गेला. तशाही अवस्थेत पठ्ठ्यानं गाडी सरळ थांबवली म्हणे.

वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, डोळा गेला.

मला रडायला आलं नाही, राग आला. तो पट्टी बांधून पडलेला आणि मी आपली तडतडतेय. "मेल्या, चिकटवायचेच होते तर शाफ्ट थिनरनं तरी पुसायचास!"

"पुसला ना. सगळा पुसला. तेवढी जागा सोडून."

"का?"

आई आत आली नाही ना, ते त्यानं दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "काल सकाळी आईनं गाडीची पूजा केली ना. गाडी जॅकवर होती, तर खाली हात घालून शाफ्टलाही बोटं लावली तिनं. सुकी हळद उडून जाईल म्हणून तेलात कालवलेली. दोन्ही बाजूंना. ते कसं पुसू गं? उलट तिथंच चिकटवले. म्हटलं, आईचा हात लागलेली जागा आहे."

तेलावर काही चिकटत नाही, हे त्याला शेंबडं पोर असल्यापासून माहीत होतं.

"आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

बाहेर आई बाकड्यावर बसली होती. पदर तोंडाला लावलेला. मी शेजारी बसले तशी तिनं माझा हात घट्ट धरला.

"पूजेत काही कमी राहिलं का गं माझ्या?"

"नाही आई. काही कमी राहिलं नाही."

"नाय, घाईच झाली माझी. पुढच्या वर्षी सगळ्याला नीट लावीन."

उलट बोलल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला सोडलं नाही. त्या दिवशी मी नुसतं "बरं" म्हणाले.