बाबांच्या गाडीचा पिस्ता रंग

उस्ताद इस्मतने बाप गेल्यावर त्याच्या पिस्ता रंगाच्या जुन्या फियाटची टॅक्सी केली. कैरोतल्या सगळ्या टॅक्स्यांसारखी काळी-पांढरी रंगवली आणि तिच्यावर तीन पोरांची शिक्षणं केली. मला विचाराल तर यात पाप काहीच नव्हतं. पण त्याची थोरली बहीण इनायत, त्याची अब्ला, रस्त्यात उभी राहून ओरडली होती, "बाबांच्या सीटवर परकी माणसं बसवलीस!" आणि गेली ती गेलीच. अकरा वर्षं ती आमच्या शुब्रा मोहल्ल्यात फिरकली नाही.

इस्मतच्या दारासमोर माझं इस्त्रीचं दुकान आहे. पोरांची शिक्षणं संपल्यावर त्याने टॅक्सीचा परवाना परत केला, तो रंगाचा पंप घेऊन थेट माझ्याकडेच आला. माझ्याकडे वीज चांगली येते ना! म्हणाला, "गाडी परत पिस्ता करतो. शुक्रवारी दुपारी बघायला ये म्हणून अब्लाला निरोप धाडलाय."

"आणि रंग तोच नाही वाटला तर?"

"तर मग संपलंच," तो म्हणाला. मी उगाच बोललो असं मला झालं.

अंगणात जुन्या चादरी टांगून त्याने खोली केली. डॅशबोर्डच्या खाली, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे नखाएवढा मूळ रंग शिल्लक होता. त्याच्याशी ताडत त्याने सहा वेळा रंग कालवला. पोचे आलेल्या जागी लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. रंगवायला शुक्रवारच्या आदले दोन दिवस ठेवले होते, तर नेमकं वाळूचं वारं सुटलं आणि इस्मत बिस्किटं खात घरात बसून राहिला. वारं पडलं ते शुक्रवारी सकाळी. आम्ही अंगणात पाणी शिंपडलं, वरच्या बायकांना गालिचे झटकू नका म्हणून हात जोडले आणि त्याने फवारणी सुरू केली. दुपारच्या नमाजाच्या आधी गाडी झाली. "लक्ष ठेव, माशीसुद्धा बसता कामा नये," असं मला बजावून तो आंघोळीला गेला.

माशी नाही बसली. इनायत आली.

कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याकडे तिने कोंबडा कापून घेतला होता आणि रक्ताने माखलेला आपला उजवा पंजा वर धरून ती गल्लीतून चालत आली. नव्या गाडीची दृष्ट काढायची आमची हीच रीत. मी उठलो, तोंड उघडलं, पण अकरा वर्षांनी आलेल्या बाईला "थांब" कसं म्हणायचं? तिने चादर सारली आणि पंजा बॉनेटच्या मधोमध दाबला.

इस्मत बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाला साबण होता. इनायतचा हात उचलताना चिकटला.

"ओली आहे होय रे?"

"हो, अब्ला."

"मेल्या, सांगता येत नाही?" मग माझ्याकडे वळून, "आणि हा मठ्ठ कशाला बसवलाय इथे?"

ती गाडीभोवती हळूहळू फिरली. मागच्या दारापाशी थांबली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"हाच," ती म्हणाली. "अगदी हाच."

इस्मत बादली पालथी घालून तिच्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू.

इनायतने ओढणीने डोळे पुसले आणि पंजाकडे बोट केलं. "हे आता कसं निघायचं?"

"रंग वाळला की पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं."

"मी घासते. मीच केलंय. किती दिवसांचं काम?"

रंग आठवडाभर वाळू द्यायचा, मग घासायला एक सकाळ पुरते. हे इस्मतने मला चाळीस वेळा ऐकवलं होतं. त्याने नाक पुसलं, माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाला, "फार नाजूक काम आहे, अब्ला. दर शुक्रवारी थोडं थोडं. वर्ष तरी जाईल."



"मग दर शुक्रवारी जेवायला मुलूखियाची भाजी लागेल मला," इनायत म्हणाली. "बायकोला आत्ताच सांगून ठेव."