टीव्हीखालचं लॉगबुक

शेजारचे काका मूळचे जयगडचे. उमेद होती तोवर बोटीच्या इंजिनरूममध्ये काम केलं. आता रत्नागिरीच्या घरात टीव्हीखाली जुना कॉम्प्युटर ठेवून त्यावर लिनक्स चालवतात. गावच्या शिमग्यातल्या नमन-खेळ्यांची सगळी रेकॉर्डिंग त्यात आहेत आणि ती दाखवणारं मीडिया सेंटर ते स्वतः अपडेट करतात.

अपडेटच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. प्रत्येक कमांड आधी बोटीवरच्या लॉगबुकासारखी वहीत वेळेसकट लिहितात, मग टाइप करतात. चुकलेलीही लिहितात, खोडत नाहीत. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मला त्या वहीचं हसू यायचं.

गेल्या महिन्यात अपडेटनंतर नमनं दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "काका, सगळं पुसून नव्याने टाकू या."

"थांबा बाई. कुठं बिघडलं तं वहीत असणार."

शेवटच्या ओळीपासून ते एकेक पायरी उलटी फिरवत मागे गेले. अकराव्या ओळीशी थांबले. दुपारच्या चहापर्यंत त्यांच्या खोलीतून मृदंग ऐकू येऊ लागला. मी वर्गात ही गोष्ट माझीच असल्यासारखी मिरवत सांगितली.

परवा ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईला निघाले. जाताना वही माझ्यापुढे धरली. वेळ टाकून खाली लिहिलं होतं : सर्व ठीक. वॉच बाईंच्या ताब्यात.

"सही करा. बोटीवर वॉच म्हणजे पाळी. पुढच्याची सही झाल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाय."

कॉलेजात मी दिवसभर सह्या करते. तरी आत जाऊन हात धुऊन आले, आणि मग सही केली.